भिकाचं साल

वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६०. सकाळपासून सांजोऱ्या तळते आहे. मधेच चुलीतली लाकडं ओढून घेतली, हात पुसले आणि हे लिहायला बसले. कारण तळताना मी तुझ्याशी मनात भांडत होते आणि दोन सांजोऱ्या करपल्या.

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया, तापी. गेलेल्यांना पाणी पोचावं म्हणून भरतात ती तुझ्या नावाची घागर भरायची आहे. लाल नवी घागर कुंभारणीने काल आणून दिली, मी ती धुऊन, उपडी करून ठेवली आहे. वर ठेवायला डांगर, चांगलं मोठं खरबूज, आणलं आहे, आंबे आले आहेत. आता फक्त घागर कोणी भरायची एवढाच प्रश्न आहे, आणि तो तू करून ठेवला आहेस.

तू फाल्गुनात गेलीस. शाळेतून आलीस ती अंगात कणकण घेऊन, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. लोक येऊन सांगून गेले, तुझं आयुष्य किती मोठं होतं. शहाद्याच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, सत्याग्रहात सरकारी जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेलेली बाई, वगैरे. मी मान हलवली. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं, की तू माझ्याशी वाद अर्धवट टाकून गेली आहेस, आणि शेवटचं वाक्य तुझं होतं. ही तुझी जुनी खोड. मी उत्तर शोधेपर्यंत तू उठून जायचीस, शाळेला उशीर होतो म्हणून.

मी या घरात आले तेव्हा अकराची, तू नवाची. तुझं लग्न झालं होतं, दोन वर्षांत तू परत आलीस, कपाळ पुसून. मी नणंदेला घाबरायचं तर तूच माझ्या पदराआड लपायचीस. तुझ्या वडिलांनी, आबांनी, तुला पाटी आणून दिली. मग तुला धुळ्याला ठेवलं, शिकवलं. मी सातवी झाले ती तुझ्या जुन्या पुस्तकांवर. आपण वाद घालायचो शाळेच्या मराठीत आणि भांडायचो अहिराणीत. घरातल्या लोकांना त्यावरूनच कळायचं, मधे पडायचं की नाही.

आपला मोठा वाद जन्माचा. तुरुंगातून आलीस ती तो डोक्यात घेऊन आलीस. तिथे कोणाकडून तरी राज्यशास्त्राची पुस्तकं वाचायला मिळाली होती. ओसरीवर मी तूर निवडायची आणि तू सांगायचीस, की राज्य कसं झालं, माणसांनी एकत्र येऊन करार केला, प्रत्येकाने आपलं थोडं स्वातंत्र्य दिलं आणि रक्षण घेतलं. मी विचारलं होतं, "तेव्हा या माणसांना पाजत कोण होतं?"

तू हसत सुटलीस. म्हणालीस, "वहिनी, हेच. त्या पुस्तकांतला माणूस दाढीमिशांसकट जन्मतो. उठतो, आणि करारावर सही करतो. माणूस मरणाला भितो यावर त्यांनी सगळं राज्य उभं केलं. माणूस जन्मतो, हे कोणाच्या लक्षातच नाही."

इथवर आपलं एकमत होतं. पुढे फाटलं.

तुझं म्हणणं, मूल जन्मतं तेव्हा आधी नव्हतं असं काहीतरी जगात येतं. ते काय करील हे कोणालाच सांगता येत नाही. त्याने कशालाच होकार दिलेला नाही. ना राजाला, ना जातीला, ना बापाने धरलेल्या चाकरीला. म्हणून प्रत्येक बाळंतपण म्हणजे राज्याला विचारलेला नवा प्रश्न.

माझं म्हणणं, हे सगळं वाचायला बरं आहे. मी पाच बाळंतपणं काढली आहेत. मूल मोकळं जन्मत नाही. नाळेने बांधलेलं येतं. ती कोणीतरी कापते तेव्हा सुटतं, आणि सुटल्या सुटल्या दुसऱ्याच्या हातात जातं. मान धरायला त्याला महिने लागतात. त्याला कोणाच्या हातात पडायचं हे निवडता येत नाही, आणि ज्या हातात पडतं तेच त्याचं राज्य. ते हात भिलाचे असले तर एक, पाटलाचे असले तर एक. आधी सांगता येत नाही म्हणतेस? मला सगळं आधी सांगता येतं. कोण कोणाचं अंगडं घालणार आणि कोण कोणाची गुरं राखणार, सगळं.

एकदा मी चिडून बोलले, "तुला मूल नाही, तू कशाला बाळंतपणावर बोलतेस?"

तू तुरीच्या सुपातून खडा काढलास, बाजूला टाकलास. म्हणालीस, "मग राजाशिवाय कोणी राज्यावर बोलायचं नाही. आणि जन्मले तर मीही आहे की."

हे उत्तर मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. तुला नाही टोचलं. तू शाळेला गेलीस.

आता भिकाचं. तुझ्याशिवाय हे कोणापुढे मांडायचं नाही, पण मांडायला तर हवं.

माझ्या सुनेची आधीची दोन्ही मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला आबांनी सांगितलं, आपल्याकडची रीत करा. मूल जगत नसलं की पुढचं मूल सुपात घालून दुसऱ्या जातीच्या बाईच्या पदरात टाकायचं, विकलं म्हणायचं. मग सटवाई मूल न्यायला आपल्या घरी येते आणि मूल इथलं नाहीच म्हणून निघून जाते. बारशाच्या दिवशी त्या बाईला शेर-दोन शेर ज्वारी मापून द्यायची, "तुझं तुला, माझं मला" म्हणायचं आणि मूल परत आणायचं. नाव भिका ठेवायचं. आपल्या सालदाराची, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, बायको झिमरी नुकतीच बाळंत झाली होती, तिला दूध होतं. तिच्या पदरात टाकला. भिलाटीत, भिलांच्या वस्तीत, त्यांच्या झोपडीत, तिच्या पोरीच्या शेजारी तो निजला.

तू तेव्हा तुरुंगात होतीस. नेमकी बारशाच्याच दिवशी सुटून आलीस. सगळं घर तुला घ्यायला मोटारथांब्यावर गेलं. घरात निजलेल्या सुनेशिवाय कोणी नाही म्हणून झिमरीने पोराला ओसरीवरच्या पाळण्यात ठेवलं आणि ती कापूस वेचायला निघून गेली. संध्याकाळी बायका जमल्या, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. ज्वारी मापायची राहिली. तुझ्या गळ्यातले हार उतरवण्यात आणि तुरुंगात खायला काय देत होते ते ऐकण्यात कोणाच्याही ध्यानात आलं नाही. पाळण्यातलं मूल रीतीप्रमाणे अजून झिमरीचं होतं आणि आम्ही त्याला आपलं समजून जोजवत होतो.

हे तुला केव्हा कळलं ते मला ठाऊक नाही. मला तू सांगितलंस ते दोन वर्षांपूर्वी, आणि काय आनंदाने सांगितलंस! जणू तुला गुप्तधन सापडलं होतं.

"वहिनी, साऱ्या तालुक्यात हा एकच पोरगा असा, की ज्याच्या जन्माचा निकाल लागलेला नाही. आबांची सगळी जमीन, सगळी जात जन्मावर उभी. आणि त्याच आबांनी मरणाला फसवायला जन्म बदलून दाखवला. सुपात घालून! बदलता येतो म्हणजे."

मी म्हटलं, "उद्या शेरभर ज्वारी देऊन टाकते."

"खबरदार."

"माझी भाकरी खातो तो. माझा आहे."

"भाकरी खातो तो तुझा, तर झिमरीचा नवराही तुझाच. मग त्याला दर आखाजीला नव्याने साल ठरवायला का लावता? घ्या घरात."

मी चिडले. तू उठलीस. शाळा.

मी ज्वारी दिली नाही, ती तुझ्या धाकाने म्हण, की कामाच्या रगाड्यात म्हण. भिका तुझ्यापाशी वाढला. मुलगा-सून नाशकाला गेली तेव्हा तुझ्या शाळेशेजारच्या मुलांच्या शाळेसाठी त्याला इथेच ठेवलं. तुझ्या अंथरुणात झोपायचा. तू गेलीस तेव्हा त्याने काही विचारलं नाही, तुझा चष्मा तेवढा उचलून कोनाड्यात ठेवला. अजून तिथेच आहे. कोणाला हात लावू देत नाही.

तुझी घागर कोण भरणार याचा विचार आबांनी चैत्रापासून चालवला होता. तुझ्या सासरचं कोणी भरणार नाही, त्यांनी तुझं नाव केव्हाच टाकलं. बापाने लेकीची, भावाने बहिणीची भरू नये, पुढच्या पिढीने भरावी, असं आबांचं म्हणणं. माझ्या मुलाला रजा नाही. राहिला भिका. आबा एकदम हलके झाले. गेल्या महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले. लेकीबद्दल म्हणाले, "मन्ही आंडेर उपाशी ऱ्हावाव नही." त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे, तापी. त्यांनी बायकोची घागर भरली, भावांची भरली. लेकीची भरायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आणि काल सकाळी झिमरी शेण घेऊन आली. ओसरीवरच्या आबांना तिने सहज विचारलं, "आबा, तापीबाईनी घागर कोन भरी?"

"भिका भरी. आखो कोन?"

झिमरी हसली. "मंग माले इचारं का? पोऱ्या तं मन्हा शे."

"काय बोलस?"

"खोटं बोलू का? सुपमा टाकीसन माले दिधा. जवारी दिसन परत कोनी लिधा? तुम्हीच सांगा."

आबांनी मला हाक मारली. माझ्या वयाला आता त्यांच्यासमोर भिंतीआड उभं राहावं लागत नाही, पण त्या वेळी भिंत असती तर बरं झालं असतं. मी खरं ते सांगितलं. आबांचा चेहरा उतरला. पोरगा घरचा नाही, तर त्याच्या हातचं पाणी तुला पोचणार नाही. त्यांना एवढंच दिसत होतं. जातीचं नंतर. आधी हे, की त्यांची लेक उपाशी राहील.

"आजच्या आज जवारी दी ये," ते म्हणाले. "रीत पुरी कर."

काल उन्हं उतरल्यावर मी सूपभर ज्वारी घेऊन भिलाटीत गेले. शेर-दोन शेरांची रीत, मी सूप भरून नेलं. आठ वर्षं राहिलं होतं. तुझ्यासारखं तत्त्वज्ञान नको होतं मला. घागर भरायची होती.

झिमरी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. तिने खाटेवरची फुलं बाजूला सारून मला जागा दिली.

"झिमरी, हाई जवारी ले. नि म्हन, तुन्हं तुले, मन्हं माले."

"आते याद उनी का?"

"आखाजीले घागर भरनी शे."

तिने सुपाकडे पाहिलं, हात लावला नाही. मग म्हणाली, "तापीबाई दर आखाजीले ये. आठेच बठे, जठे तू बठेल शे. माले इचारे, 'झिमरी, पोऱ्या देस का?' मी म्हनू, 'नही.' ती हासे. मंग इचारे, 'आखो एक साल आम्हनाकडे ऱ्हाऊ देस का?' मी म्हनू, 'ऱ्हाऊ दे.'"

मी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"आबा मन्हा नवराना साल करेत, नि तापीबाई मन्हाकडे भिकाना साल करे. एकच दिन." ती पुन्हा हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "ती इचारे. तू तं सूप लई उनी."

हे तू मला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? जन्मावर मला पुस्तकंच्या पुस्तकं ऐकवलीस आणि हे एवढं राखून ठेवलंस? दर आखाजीला दुपारी तू तासभर दिसेनाशी व्हायचीस. मला वाटायचं, मुलींचे झोके बघायला गेली असशील, नाहीतर मी सांजोऱ्या लाटायला हाक मारीन म्हणून टळत असशील. मी तुला कामचुकार म्हणायची. आणि तू भिलाटीत बसून, माझ्या नातवाचं साल ठरवत होतीस!

मी सूप उचललं आणि परत आले. विकल्या पोराची ज्वारी परत कोठीत ओतायची नसते म्हणतात. ती सुपातच, चुलीशेजारी पडली आहे. आबांना सांगितलं, उद्या बघू. आबा जेवले नाहीत.

म्हणून आज मी सांजोऱ्या करपवते आहे.

आता ऐक. तू नाहीस, तेव्हा मधे बोलता येणार नाही. तू म्हणायचीस, मुलाने कशालाच होकार दिलेला नाही. बरोबर आहे. मी म्हणायची, मूल हातात येतं, मोकळं येत नाही. तेही बरोबर आहे. पण मी हातापाशी थांबत होते. ज्याने धरलं त्याचं, संपलं. त्या हातांना कोणी काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू झिमरीला विचारत होतीस. भिकाला नाही विचारलंस, त्याचं अजून वय नाही. ज्या बाईने त्याला धरलं तिला विचारलंस, आणि तेही एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा. हे तुझ्या कोणत्या पुस्तकात होतं? मला वाटतं कशातच नव्हतं. हे तुला आबा आणि सालदार यांच्याकडे बघून सुचलं असेल. सालदाराला निदान वर्षाला एकदा विचारतात. तू मनाशी म्हणाली असशील, मग पोराच्या आईला एवढं तरी.

आणि तरी तुझं सगळं मला पटत नाही. एका पोराचं साल तू झिमरीकडे ठरवलंस, त्याने झिमरीची पोरगी तुझ्या शाळेत बसली का? नाही बसली. तू शाळेच्या कमिटीशी भांडलीस, हरलीस. त्या दोघांनी एकाच झोपडीत डोळे उघडले. एक आज वाचतो, दुसरी शेण थापते. हे मी आधीच सांगितलं असतं. तुझा नवा प्रश्न राज्याने ऐकला नाही, तापी. तू आठ वर्षं तो विचारलास आणि तापाने गेलीस. मला याचा राग येतो. तुझा येतो, राज्याचा येतो, नक्की कोणाचा ते कळत नाही, म्हणून हाताला येईल त्याचा येतो. काल कुंभारणीवर ओरडले, घागरीला तडा आहे म्हणून. तडा नव्हता.

तू असतीस तर म्हणाली असतीस, ती पोरगी अजून संपलेली नाही, आठच वर्षांची आहे. आणि उठून गेली असतीस.

तेल पुन्हा तापलं आहे. उरलेल्या सांजोऱ्या तळून घेते.

तृतीया. आखाजी.

सकाळी उजाडल्यावर मी भिलाटीत गेले. सूप नेलं नाही. झिमरी दात घासत होती.

मी विचारलं, "झिमरी, आज तुन्हा पोऱ्या तापीनी घागर भरी का?"

तिने चूळ टाकली. "भरी ना."

"नि आखो एक साल आम्हनाकडे ऱ्हाई का?"

"ऱ्हाऊ दे." मग मला वरखाली बघत म्हणाली, "पानी कोन आनस?"

"मीच."

"तुन्ही कंबर? ऱ्हाऊ दे. मी आनस."

तिच्या हातचं पाणी आमच्या घरात आजवर गोठ्यापुढे गेलेलं नव्हतं. तरी म्हटलं, आण. पोराच्या आईने पाणी आणलं तर त्यात चूक काय, हे मला कोणी समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पण रस्त्यात कोणी भेटलं नाही. झिमरीने गोमाई नदीवरून हंडा भरून आणला. तिची पोरगी मागून आली. दोघी थेट ओसरी चढून आत आल्या.

भिकाने घागर भरली. थोडं सांडलं. उंबरठ्यावर त्याने कुंकवाचं बोट ओढलं, तुझं नाव घेतलं आणि त्यावर पाणी सोडलं. मग चष्मा आणून घागरीशेजारी ठेवला. ते कुठल्याच रीतीत नाही. मी तो तसाच राहू दिला.

आबा पाटावर बसले होते. दिसतं कमी, पण झिमरी त्यांना दिसली.

"पानी कठलं शे?"

"गोमाईनं," मी म्हटलं.

"कोनी आनं?"

"पोऱ्यानी मायनी."

झिमरीने हंडा कमरेवर घेतला, निघायच्या बेताने. घागरीवरचं डांगर मोठं होतं, तोंडावर नीट बसत नव्हतं, एका बाजूला कलत चाललं होतं. आबांनी हात पुढे केला, चाचपून घागर शोधली आणि डांगर सरळ केलं. मग हात तसाच त्यावर ठेवून बसले.

"बठ, झिमरी," ते म्हणाले. "जेवीसन जाय."

मी आत गेले. दोन पानं वाढवली, झिमरीचं आणि तिच्या पोरीचं. जेवणं झाल्यावर चुलीशेजारचं ते सूप उचललं, आणि ज्वारी जात्यावर नेऊन दळायला बसले.